एआयएसवर बोट दिसत नाही? नवं यंत्र घेण्याआधी एवढं तपासा

१ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली की पुढचे पंधरा-वीस दिवस माझा फोन सतत वाजत असतो. मिरकरवाडा, जयगड, साखरीनाटे, हर्णै, फोन कुठूनही येवो, तक्रार ठरलेली: "दादा, आम्हाला सगळी जहाजं दिसतात, पण आमची बोट कोणालाच दिसत नाय. मशीन गेलं वाटतं." ६१ दिवस बोट शाकारून ठेवलेली असते. वरून पाऊस, ताडपत्रीखाली कोंडलेली खारट हवा. इंजिनाचं तेलपाणी होतं, जाळी शिवून होतात, रंगही लागतो. केबिनच्या छताखाली बसवलेल्या एआयएसच्या, म्हणजे आपली बोट आसपासच्या जहाजांना आपोआप दाखवणाऱ्या यंत्राच्या, छोट्या डब्याच्या वायरींकडे मात्र कोणी बघत नाही.

बोटींवरची इलेक्ट्रॉनिक यंत्रं दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. हाच बिघाड मी वर्षानुवर्षं काढत आलोय आणि बहुतेक वेळा डबा ठणठणीत निघतो. दोष असतो बॅटरीपासून डब्यापर्यंतच्या वायरीत, नाहीतर डब्यापासून अँटेनापर्यंतच्या केबलमध्ये. तरी लोक घाबरून नवं यंत्र आणतात, त्याच कुजलेल्या केबलला जोडतात, आणि आठ दिवसांत पुन्हा तीच तक्रार. खालचा क्रम फुकटापासून महागाकडे जातो. तो सोडून मधेच उडी मारू नका.

एआयएस बिघडणं म्हणजे नेमकं काय बिघडणं, हे आधी सांगतो. हे यंत्र १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ या दोन व्हीएचएफ लहरींवर आपला नऊ आकडी एमएमएसआय नंबर (बोटीची रेडिओवरची ओळख), जागा, वेग आणि दिशा पाठवत राहतं. समोरच्या मालवाहू जहाजावरचा संगणक त्यावरून आपली वाट पुढे वाढवून बघतो: दोघं अशाच वेगात राहिले तर किती मिनिटांनी आणि किती अंतरावरून एकमेकांना ओलांडतील? जहाजावरचे अधिकारी त्या अंतराला सीपीए आणि त्या वेळेला टीसीपीए म्हणतात. अंतर कमी निघालं की तिथे गजर होतो आणि पहाऱ्यावरचा माणूस सुकाणू फिरवायचा विचार करतो. आपलं यंत्र गप्प असेल तर त्या हिशेबात आपण नसतोच. लाटा उसळलेल्या असताना लाकडी किंवा फायबरची बोट रडारवर नीट उठत नाही, पावसाच्या सरीत दिवे दिसत नाहीत. म्हणून या डब्याची मला एवढी काळजी वाटते.

लक्षणं

फोनवर मी पहिल्यांदा विचारतो, "नक्की काय होतंय ते सांगा." कारण "दिसत नाही" या दोन शब्दांत निदान पाच वेगळे आजार दडलेले असतात.

- आपल्याला बाकीचे दिसतात, आपण कोणाला दिसत नाही. सर्वांत जास्त येणारी तक्रार. बहुधा वीज किंवा अँटेना.
- बंदरात दिसतो, पाच-सहा मैल बाहेर गेलं की गायब. बहुधा अँटेनाची केबल किंवा कनेक्टर.
- दिवसा ठीक, रात्री डेकचे दिवे लावले की बाकीची जहाजंही कमी दिसू लागतात. दिव्यांचा त्रास.
- बोट एकदा देवगडसमोर, पुढच्या क्षणी दाभोळसमोर. एकच नंबर दोन बोटींवर.
- बोट नकाशावर एकाच जागी थिजलेली, किंवा जागाच येत नाही. जीपीएस.

पहिल्या लक्षणातला एक समज इथेच काढून टाकतो. "आम्हाला सगळे दिसतात म्हणजे मशीन चांगलं आहे" असं तांडेल (बोटीचे कप्तान) ठासून सांगतात. मोठी जहाजं साडेबारा वॉटने बोलतात आणि त्यांच्या अँटेना आकाशात असतात, त्यामुळे त्यांचं बोलणं अर्धवट कुजलेल्या केबलमधूनही आपल्यापर्यंत पोचतं. आपल्या छोट्या बोटीवरचं ‘ब’ वर्गाचं यंत्र बहुधा २ वॉटचं असतं. त्यातली अर्धी शक्ती केबलने खाल्ली तर उरलेल्या एका वॉटात आपली हाक लांब कशी जाणार? ऐकू येतंय म्हणून बोलता येतंय, असं धरू नका.

आधी खात्री करा की हा बिघाडच आहे

याला एक रुपयाही लागत नाही आणि निम्मे फोन इथेच मिटतात.

मोबाइलवरचं ॲप हा पुरावा नाही. ॲपला माहिती येते ती मुख्यतः किनाऱ्यावरच्या रिसीव्हरकडून. आपल्या भागात तो रिसीव्हर बंद असेल किंवा आपण त्याच्या टप्प्याबाहेर असू, तर समुद्रात शेजारून जाणाऱ्या जहाजाला आपण लख्ख दिसत असतानाही मोबाइलवर नसतो. घरची माणसं ॲप बघतात, बोट दिसली नाही की काळजीने जीव टांगणीला लागतो, हे मी जाणतो. पण त्यावरून यंत्राला दोष देता येत नाही.

खरी परीक्षा व्हीएचएफवर, म्हणजे बोटीच्या बोलायच्या रेडिओवर. एक-दोन मैलांवरच्या ओळखीच्या बोटीला चॅनेल १६ वर हाक मारा, उत्तर आलं की लगेच दुसऱ्या चॅनेलवर या (१६ अडवून ठेवू नका, तो संकटातल्या माणसासाठी आहे) आणि सांगा, "तुझ्या पडद्यावर माझं नाव, नंबर, वेग काय दिसतंय ते वाच." धक्क्यावर शेजारी लागलेल्या बोटीला विचारून उपयोग नाही. इतक्या जवळून अँटेना तुटलेली असली तरी सिग्नल पोचतो आणि खोटा दिलासा मिळतो.

दुसरी गोष्ट वेळेची. ‘ब’ वर्गाचं साधं यंत्र वेग २ नॉटच्या (तासाला २ सागरी मैल) वर असेल तर दर ३० सेकंदांनी जागा पाठवतं. वेग त्याखाली आला की दर ३ मिनिटांनी. ट्रॉल ओढताना वेग बहुधा २ नॉटच्या वर असतो, पण जाळं टाकून पाण्याबरोबर वाहणारी बोट या ३ मिनिटांच्या खात्यात जाते. शिवाय वाहिनी मोकळी आहे का हे ऐकूनच हे यंत्र बोलतं, त्यामुळे मुंबईच्या तोंडाशी नांगरलेल्या जहाजांच्या गर्दीत त्याला आणखी थांबावं लागतं. यात बिघाड काही नाही. पण १५ नॉटने येणारं जहाज ३ मिनिटांत पाऊण सागरी मैल, म्हणजे जवळपास १४०० मीटर, कापतं. रात्री जाळं टाकून पडलेल्या बोटीवर एक जण जागा राहिलाच पाहिजे, यंत्र कितीही उत्तम असलं तरी.

आणखी एक गोंधळ हल्ली वाढलाय. बोटींवर उपग्रहाद्वारे संदेश देणारे ट्रान्सपाँडर बसतायत. एक लाख बोटींसाठीच्या त्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमधूनच झाली. चांगली सोय आहे, जरूर बसवा. पण तो डबा बोलतो उपग्रहामार्फत किनाऱ्याशी. समोरून येणाऱ्या जहाजाच्या एआयएसला तो दिसत नाही. "नवीन मशीन आलंय, जुनं काढून टाकू का?" याचं उत्तर नाही असंच आहे.

दिवे आणि गप्प बसवायचं बटण

बहुतेक छोट्या यंत्रांवर तीन-चार दिवे असतात. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे बराच वेळ जागा पाठवता आलेली नाही. लाल म्हणजे दोष सापडलाय. काहींवर निळा असतो, त्याचा अर्थ प्रसारण मुद्दाम बंद ठेवलंय. रंगांचा अर्थ कंपनीगणिक थोडा बदलतो, म्हणून पुस्तिका एकदा बघा. हे प्रसारण बंद करायचं बटण खलाशाच्या हाताने, भिजलेल्या जाळ्याच्या धक्क्याने, नाहीतर पोराच्या उत्सुकतेने दाबलं जातं. जयगडच्या एका बोटीसाठी मी दीड तास दुचाकीवर गेलो आणि काम अर्ध्या मिनिटाचं निघालं. म्हणून आता फोनवरच विचारतो: "निळा दिवा आहे का?"

काही जण आपली मासळीची जागा दुसऱ्याला कळू नये म्हणून बटण जाणूनबुजून बंद ठेवतात. मला कारण समजतं. तरी हात जोडून सांगतो, असं करू नका. शेजारच्या बोटीपासून लपताना तुम्ही कोळशाच्या जहाजापासूनही लपता.

नाव, नंबर, प्रकार

यंत्राच्या माहितीच्या पानावर नऊ आकडी नंबर बघा आणि परवान्याच्या कागदाशी आकड्याला आकडा लावून जुळवा. भारतीय बोटीचा नंबर ४१९ ने सुरू होतो. नंबर भरलेलाच नसेल तर यंत्र ऐकतं, पण बोलत नाही. जुनी बोट विकत घेतली की यंत्रात आधीच्या मालकाचा नंबर राहतो. त्याने तोच नंबर नव्या बोटीवर टाकला की पडद्यावर एकच बोट क्षणात इथे, क्षणात तिथे उड्या मारते. अशा बोटीचा सीपीए कुठलाही संगणक काढू शकत नाही.

बोटीचा प्रकारही बघा. मासेमारी बोटीचा संकेतांक ३० आहे. सहलीच्या बोटीचा ३७ टाकलेला मी पाहिलाय. ‘ब’ वर्गाच्या यंत्रातून "जाळं पाण्यात आहे" ही अवस्था जात नाही, जातो तो फक्त प्रकार. जहाजावरचा अधिकारी त्या ३० वरूनच अंदाज बांधतो की ही बोट चटकन वळणार नाही.

वीज

इथून मल्टिमीटर लागेल. नसेल तर घ्या, बोटीवर असायलाच हवा.

ऐकण्यासाठी यंत्राला वीज थोडी लागते, बोलताना एकदम जास्त. पण ते बोलणं एका वेळी जेमतेम २७ मिलिसेकंदांचं असतं. तेवढ्या वेळात व्होल्टेज खाली बसलं तरी साधा मल्टिमीटर ते पकडत नाही, आकडा १२.४ च्या १२.४ दिसतो आणि आपण फसतो. म्हणून भार टाकून मोजा. इंजिन बंद, केबिनचे दिवे आणि पंखा चालू, आणि आकडा बघायचा तो बॅटरीवर नव्हे, यंत्राच्या प्लगपाशी. मग तोच आकडा बॅटरीच्या टोकांवर घ्या. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर तो वाटेत कुठेतरी खाल्ला जातोय: गंजलेला फ्यूजहोल्डर, पिळून टेप गुंडाळलेला जोड, किंवा घरातल्या बल्बची बारीक वायर. बॅटरीवरच १२ च्या आसपास आकडा असेल तर ती जवळजवळ उतरलेली आहे. चोवीस व्होल्टच्या बोटीला हे आकडे दुप्पट धरा.

फ्यूजहोल्डर उघडा, फ्यूज काढा, टोकं बारीक पॉलिश पेपरने घासा, परत बसवा. यंत्राची वायर थेट बॅटरीच्या बाजूच्या पॅनेलवर न्या, दिव्यांच्या लाइनला जोडू नका. फ्यूज पुस्तिकेत लिहिलाय तेवढ्याच अँपियरचा लावा. सतत उडतो म्हणून मोठा लावणं म्हणजे केबिनला आग लावायची तयारी. काम करण्याआधी बोटातली अंगठी आणि हातातलं कडं काढून ठेवा.

जीपीएस

एआयएसला स्वतःचं जीपीएस असतं. समोरच्या प्लॉटरवर (नकाशाच्या पडद्यावर) जागा येते म्हणून एआयएसलाही येत असेल, असं नाही. दोन महिने बंद असलेल्या यंत्राला उपग्रह नव्याने शोधायला वेळ लागतो. उघड्या आकाशाखाली अर्धा तास चालू ठेवा, घाई नको.

तरी जागा आली नाही तर छतावर चढून जीपीएस अँटेनाची पांढरी टोपी बघा. दरवर्षी किमान एका बोटीवर रंगाऱ्याने केबिनबरोबर तिलाही रुपेरी रंग फासलेला असतो. त्या रंगातली धातूची भुकटी उपग्रहाचा क्षीण सिग्नल अडवते. घासायला जाऊ नका, टोपी चिरते, बदलून टाका. टोपीवर बर्फाची पेटी, पत्रा, गुंडाळलेलं जाळं ठेवू नका. आणि बोट उभी असताना दिशेचा काटा गरगर फिरतो म्हणून फोन करू नका. जागेतला बारीक फरकच त्याला हालचाल वाटतो. बोट चालू लागली की काटा शांत होतो.

अँटेनाचा कनेक्टर

मला एकच गोष्ट तपासायला मिळाली तर मी हीच तपासेन.

साखरीनाट्याची एक बोट होती. तांडेलकाका दोन दुकानं फिरून आले होते आणि दोन्हीकडे त्यांना नवं यंत्र घ्यायला सांगितलं होतं. मी यंत्रामागचा कनेक्टर फिरवला, तो हाताला कोरडा, वरून चकचकीत. मागची कॉलर सरकवली तर आत मोरचुदासारखा हिरवा थर. केबलभोवतीची तांब्याची जाळी काळी पडून चुरा झालेली, बोटाने चोळली तर काळी पूड हाताला लागली. मधली तार तेवढी जोडलेली. त्या एका तारेवर मोठ्या जहाजांचा सिग्नल येत होता, म्हणून काकांना वाटायचं सगळं ठीक आहे. मी केबल दीड हात मागे कापली, तिथे तांबं पुन्हा लालसर चमकलं, तेव्हा नवा कनेक्टर डाग देऊन बसवला. शे-दीडशे रुपयांचा कनेक्टर. त्या संध्याकाळी सहा मैलांवरच्या बोटीने काकांचं नाव वाचून दाखवलं.

तर हे करा. यंत्र बंद करूनच कनेक्टर सोडा. अँटेना लावलेली नसताना यंत्र चालू करायचं नाही. दोन्ही टोकं बघा, वरचं जास्त, कारण खारं पाणी तिथूनच शिरतं आणि केशाकर्षणाने जाळीतून खाली उतरतं. काळं तांबं घासून चालत नाही, लाल तांबं लागेपर्यंत केबल कापायची. जोडल्यावर आपोआप चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, खालून वर, म्हणजे प्रत्येक वेढा कौलासारखा खालच्यावर चढतो. काळी इलेक्ट्रिकची टेप एकटी या उन्हात आणि मिठात टिकत नाही.

केबल तपासायची तर दोन्ही टोकं मोकळी करा आणि मधली तार व बाहेरची जाळी यांच्यात मीटर लावा. मीटरने दोन्हींत जोड दाखवता कामा नये. अँटेना जोडलेली ठेवून मोजलं तर बऱ्याच अँटेना मुळातच आतून जोडलेल्या असल्याने शॉर्ट दाखवतात आणि चांगली अँटेना फेकली जाते. केबल बदलायचीच असेल तर बारीक आरजी-५८ नको. १५ मीटरच्या बारीक केबलमध्ये जवळपास निम्मी शक्ती जाते. जाड आरजी-२१३ घ्या.

उंची हवी तेवढी मिळवा. दोन बोटींच्या अँटेना पाण्यापासून प्रत्येकी ४ मीटरवर असतील तर क्षितिज आडवं येऊन टप्पा ९ सागरी मैलांच्या आसपास संपतो. समोरच्याची अँटेना ३६ मीटरवर असेल तर तोच टप्पा साधारण १८ मैलांपर्यंत जातो. हे कागदावरचे आकडे आहेत, २ वॉटमध्ये प्रत्यक्षात कमीच मिळतं.

एलईडी दिवे आणि सामाईक अँटेना

प्रकाशाने मासे गोळा करणाऱ्या मासेमारीवर बंदी आहे, तो विषय वेगळा. पण डेकवर उजेडासाठी सगळ्यांनीच एलईडी लावलेत, आणि स्वस्त दिव्यांच्या ड्रायव्हरमधून (दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधून) व्हीएचएफच्या पट्ट्यात खरखरीचा कचरा सांडतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ मध्ये यावर इशारा दिला होता. परीक्षा सोपी: सगळे दिवे बंद करा, व्हीएचएफ शांत चॅनेलवर लावा, स्क्वेल्च (खरखर दाबायची कळ) खरखर जेमतेम थांबेल तिथे ठेवा. आता एकेक दिवा लावत जा. ज्या दिव्याला खरखर परत आली, तो गुन्हेगार. तो बदला किंवा अँटेनापासून लांब हलवा.

एआयएस आणि व्हीएचएफ एकाच अँटेनावर स्प्लिटरने (अँटेना दोघांत वाटणाऱ्या मधल्या डब्याने) जोडले असतील, तर व्हीएचएफवर बोलेपर्यंत एआयएस गप्प राहतं. माइकचं बटण मिठाने अडकून दाबलेलंच राहिलं तर ते कायमचंच गप्प. स्प्लिटर काढून अँटेना थेट एआयएसला लावून बघा. तेवढ्याने बोट दिसू लागली तर दोष मधल्या डब्यात किंवा माइकमध्ये आहे.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

इतकं करूनही बोट दिसत नसेल तर एसडब्ल्यूआर मीटर लागतो. अँटेनाकडे पाठवलेली किती शक्ती परत फिरते ते त्याच्या आकड्यावरून कळतं. आकडा १.५ पर्यंत असेल तर छान, २ ला साधारण ११ टक्के शक्ती परत फिरते, ३ ला चौथा हिस्सा. नवी केबल टाकूनही आकडा ३ च्या खाली येत नसेल तर अँटेना गेली. ती एआयएसच्या १६२ मेगाहर्ट्झला चालणारीच घ्या. डोलकाठीवर चढायचं काम बोट धक्क्याला, समुद्र शांत आणि खाली दोरी धरायला माणूस असतानाच. नाहीतर नकोच.

नंबर चुकीचा असेल तर स्वतः खटपट करू नका. बहुतेक ‘ब’ वर्गाच्या यंत्रांत नंबर एकदाच भरता येतो, नंतर तो अधिकृत विक्रेता किंवा कंपनीच बदलू शकते, तेही कागद बघून. यंत्राला जळका वास येतोय, सगळं तपासूनही लाल दिवा जात नाहीये, डब्यात पाणी शिरलंय, किंवा वीज इन्व्हर्टरवरून येतेय, यांतलं काहीही असलं तर डबा उघडू नका. माझ्याकडे लोकांनी स्क्रू काढून आणलेली यंत्रं येतात. सीलची रबरी कडी एकदा हलली की ती पूर्वीसारखी बसत नाही आणि वॉरंटीही जाते.

मेकॅनिकला फोन करण्याआधी वहीत एवढं लिहून ठेवा: कुठला दिवा लागतोय, यंत्रापाशी आणि बॅटरीपाशी किती व्होल्ट, किती मैलांवरच्या बोटीला दिसलो आणि कितीला नाही, कुठला कनेक्टर कधी बदलला. यावरून मी घरी बसून ठरवू शकतो की केबल घेऊन येऊ की अँटेना.

समुद्रात असतानाच यंत्र बंद पडलं तर तिथे दुरुस्तीला बसू नका. जवळच्या बोटींना व्हीएचएफवर सांगून ठेवा, १६ ऐकत राहा, मासेमारीचे ठरलेले दिवे लावा, पहाऱ्याला एक माणूस वाढवा आणि जहाजांच्या वाटेपासून दूर सरका. जिवावर बेतलं तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४.